बोपोडीहून दहा मिनिटं

आमच्या गल्लीतून सेंटरचं गेट, चालत दहा मिनिटं.
मला ते गाठायला अडीच वर्षं लागली.

पहिल्या भरतीत सोळाशे मीटरला सहा सेकंद जास्त.
सहा सेकंद म्हणजे किती, विचारू नका,
एक शिंक येऊन जाते तेवढ्यात.
मग करुणा रोज पहाटे रेंज हिल्सच्या रस्त्यावर
आईची शाल गुंडाळून, मोबाइल धरून उभी :
"मेलास तरी चालेल, पण पाच-तीसच्या आत मर."
कुत्री आधी अंगावर यायची, मग सवयीने सोबत पळायची,
मग एक दिवस तीही मागे पडली
आणि करुणाने वेळ सांगितलीच नाही,
नुसता मोबाइल पुढे केला.

मग गेट. मग न्हावी.
चार मिनिटांत माझं डोकं माझं राहिलं नाही.
ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, ओला,
शर्टाला लागला तो अजून निघालेला नाही.

उस्ताद बलकार सिंग यांना मराठीतले दोनच शब्द येत :
"लवकर" आणि "परत".
त्या दोन शब्दांत एकतीस आठवडे बसतात.

पावरा धडगावचा, डोंगर अनवाणी पालथे घातलेला.
बुटांनी त्याला आठ दिवसांत लंगडा केला.
रात्री बराकीत मी सुई तापवून त्याचे फोड फोडायचो,
तो मला सांगायचा, उतारावर टाच टेकू द्यायची नाही,
टाच टेकली की डोंगर गुडघ्यात शिरतो.
हेंबाडे कांबळ्यात तोंड खुपसून रडायचा.
आम्ही आळीपाळीने खोकायचो,
त्याचा आवाज झाकला जाईल इतपत.

त्यांची घरं लांब. लांबच्या घराचं एक बरं असतं.
माझं भिंतीपलीकडे.
फॅक्टरीचा भोंगा झाला की मला कळायचं,
आत्ता आईने भिजल्या पोह्यांची परात उचलली,
आत्ता कांदा, आत्ता डोळे पुसले कोपराने.
त्याच भोंग्याला मी चिखलात, कोपरांवरच, पुढे सरकत असे.

नदीही तीच.
शाळेत जाताना आम्ही पुलावर नाक दाबून पळायचो.
आता तिच्यावर पूल टाकायचा, तोंडात तिचंच पाणी,
लोखंडाचं पॅनेल सहा जणांनी एका दमात उचलून.
एकाचा श्वास चुकला की सहा खांदे सोलले जातात.
माझाच चुकला होता. कुणी बोललं नाही.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकविसाव्या आठवड्यात रूट मार्च, रात्रभर.
पाठीवर वीस किलो, परतताना उजाडायच्या आत
कॉलम बोपोडीच्या चौकातून निघाला.
आई होती. झारा हातात तसाच धरून बघत राहिली.
मी डावीकडून तिसरा,
तिच्यात नि माझ्यात एका हातगाडीचं अंतर.
मान वळवायची नव्हती. वळवली नाही.
कढीपत्त्याची फोडणी मात्र सरळ नाकात आली,
तिला कुठलं सावधान!

कसम परेड झाल्यावर विचारलं,
"ओळखलंस का गं त्या दिवशी?"
"छे रे. सगळी एकसारखी, रंधा मारल्यासारखी.
मग एकेकाकडेच बघितलं, शेवटच्या पोरापर्यंत,
म्हटलं, त्यात कुठंतरी असशीलच.
पोहे करपले सगळे."

पावराच्या घरून कुणी आलं नव्हतं.
आई त्याच्यापाशी गेली, छातीवरचा बिल्ला बघितला नाही,
खाली वाकून बुटांकडे बघत म्हणाली,
"पाय कसा आहे आता?"
तो रायफल पेलणारा माणूस, त्याला उत्तर देता येईना.

मग आम्ही चौघं घरी निघालो. ट्रंक माझ्या खांद्यावर.
गेटाबाहेर करुणाने मोबाइल काढला, घड्याळ लावलं,
भुवई उडवली.
मी चालत राहिलो. पायांना घाई होती,
त्यांना परत परत आवरत.
बावीस मिनिटं लागली.